स्मोक्ड मासा आणि बटाट्याचं सॅलड: मासा कोणता, बटाटा कोणता, ड्रेसिंग कोणतं?

उकडलेला बटाटा, धुरी दिलेला मासा, थोडा कांदा आणि काहीतरी आंबट, एवढ्यावर हे सॅलड होतं. जिन्नस इतके मोजके असले की एखादी निवड फसली तर ती झाकायला दुसरं काही हाताशी नसतं. म्हणून खरेदीला जाण्याआधीच ठरवून टाकावं.

गरम धुरीचा की थंड धुरीचा?

सगळा खेळ इथेच आहे. गरम धुरीचा मासा धुरातच शिजतो. त्याचं मांस पांढरट किंवा गुलाबीसर आणि अपारदर्शक दिसतं, बोटाने दाबलं की पाकळ्या सुटतात. मॅकरेल आणि ट्राउट बहुतेकदा असेच मिळतात. थंड धुरीचा मासा आधी मिठात मुरवतात आणि मग साधारण 30 अंश सेल्सिअसच्या खालच्या धुरात ठेवतात. तो शिजत नाही; त्याचे पातळ, तुकतुकीत, किंचित आरपार दिसणारे काप होतात. स्मोक्ड सॅमन म्हणून पाकिटात मिळतात ते बहुधा हेच.

या सॅलडसाठी माझी पसंती नि:संशय गरम धुरीच्या माशाला. त्याचे तुकडे कोमट बटाट्यात मिसळले की माशाचं तेल बटाट्याला लागतं आणि घासाघासाला धुराची चव येते. थंड धुरीचे काप गरम बटाट्यावर पडले तर कडेने पांढरे होतात, त्यांचा मऊपणा जातो. तेच हवे असतील तर सॅलड पूर्ण गार करून वरून पसरावेत.

मॅकरेल तेलकट आणि चवीला दणकट असतो, त्याला लिंबू जास्त लागतं. ट्राउट सौम्य असतो. घरात पहिल्यांदाच स्मोक्ड मासा खाणारं कुणी असेल तर ट्राउटच आणा. दोन्हींची साल हाताने सहज निघते. मग मांसावरून बोट फिरवा: बारीक काटे टोचतात, ते चिमटीत धरून ओढून काढा. हे काम घाईत करू नये.

गरोदर स्त्रिया, वयस्कर मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी थंड धुरीचा मासा न शिजवता खाऊ नये, कारण त्यात लिस्टेरिया जिवाणूचा धोका असतो. गरम धुरीचा फ्रिजमधला मासाही त्यांच्यासाठी वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करूनच वापरावा. त्यांना डबाबंद स्मोक्ड मासा हा सोपा पर्याय आहे.

बटाटा

घट्ट, कमी पिठूळ बटाटा घ्या. छोटे नवे बटाटे उत्तम. पिठूळ बटाटा ढवळताना फुटतो आणि सॅलडचा लगदा होतो. बटाटे गार मिठाच्या पाण्यात घालून मग आच लावा, म्हणजे बाहेरून फुटेपर्यंत आतून कच्चे राहत नाहीत. सुरी अलगद आत गेली की लगेच निथळा.

मेयोनीज की व्हिनेगर?

मेयोनीजचं सॅलड मऊ लागतं आणि मुलांना आवडतं, पण मॅकरेलसोबत ते तेलावर तेल होतं. शिवाय मेयोनीज घालण्याआधी बटाटे पूर्ण गार व्हायला हवेत, नाहीतर ते फाटून तेल सुटतं. ट्राउट असेल तर मात्र मेयोनीज चालून जातं, त्यातही निम्मं घट्ट दही मिसळलं तर छान.

मी व्हिनेगरच्या बाजूची. चार जणांसाठी 750 ग्रॅम बटाटे आणि 250 ग्रॅम मासा धरा. बटाटे गरम असतानाच फोडी करून त्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर शिंपडा. गरम फोडी ते पिऊन घेतात, गार झालेल्या फोडींवर ते नुसतं वरवर राहतं. मग तीन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, बारीक कांदा, मिरपूड आणि मूठभर शेपू. मासा सर्वांत शेवटी, मोठ्या तुकड्यांत, हलक्या हाताने. मीठ त्यानंतर चाखूनच घाला, कारण मासा मुळातच खारट असतो.

व्हिनेगरचं सॅलड कोमट असतानाच वाढा. मेयोनीजचं आधी करून ठेवता येतं, पण फ्रिजमध्येच. दोन्हींपैकी कोणतंही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी संपवा.