टीपी-लिंक सीपीई५१० ची जोडी: बंगल्यामागच्या आउटहाउससाठी

बडोद्यातल्या जुन्या बंगल्यांच्या जाड विटांच्या भिंती आणि आउटहाउसचे पत्रे वायफाय अडवतात. तिथे रिपीटर लावून फारसं साधत नाही: तो तोच कमजोर सिग्नल पुढे देतो, आणि एकाच रेडिओवर घेणं-देणं झाल्याने वेग जवळपास अर्धा होतो.

अंगण खोदता येत असेल तर पूर्ण तांब्याची कॅट-६ केबल पाइपातून टाका, १०० मीटरपर्यंत चालते. फरशी फोडायची नसेल तर सीपीई५१० ही बाहेर लावायची वायरलेस अँटेनांची जोडी उत्तम: दोन्ही समोरासमोर लावल्या की नेट केबलशिवाय पलीकडे जातं.

एक बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीवर अॅक्सेस पॉइंट (नेट पुढे देणारं) म्हणून, दुसरं समोर आउटहाउसवर क्लायंट (ते घेणारं) म्हणून. दोन्हींचा मूळ आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) १९२.१६८.०.२५४ असतो, जोडण्याआधी एकाचा बदलाच, नाहीतर सेटिंगचं पान कधी याचं उघडेल, कधी त्याचं. सोबतच्या अडॅप्टरवरचं पीओई भोक (नेटच्या केबलमधूनच वीज देणारं) अँटेनाकडे, लॅन भोक (घरच्या नेटवर्कचं) राउटरकडे. उलटं जोडलं तर राउटर जळू शकतो. अंतर कमी असल्याने ट्रान्समिट पॉवर (सिग्नल पाठवण्याची ताकद) उतरवा, सिग्नल उणे ५० ते ६० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) पुरे.

आउटहाउसच्या आत वायफाय देण्यासाठी साधा राउटर लागतोच: डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद, पत्ता वेगळा, केबल लॅन भोकात, वॅन भोकात (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) नव्हे.

उणीव एकच, पण मोठी. पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, त्यामुळे ३०० चा प्लॅन असला तरी तिथे शंभराच्या आतच मिळेल. व्हिडिओ कॉल आणि अभ्यासाला ते भरपूर. मध्ये कडुनिंब असेल तर अँटेना फांद्यांच्या वर न्या. पावसात भिजलेली पानं ही जोडी वापरते तो ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच शोषतात.