कॅनन की निकॉन? बॉडी राहू द्या, आधी लेन्सचा हिशेब मांडा

कॅमेऱ्याबरोबरच येणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सने उन्हात काढलेले दोन्हींचे फोटो मिसळून माझ्यापुढे टाकलेत, तर कुठला कॅननचा आणि कुठला निकॉनचा हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यामुळे मेगापिक्सेल किती, फोकस पॉइंट ९ की ११, सेकंदाला फोटो किती, यात मी शिरत नाही. ते दुकानातला मुलगाही घडाघडा म्हणून दाखवतो. शिवाय आता दोन्ही कंपन्यांचा जीव मिररलेसमध्ये, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांत, गुंतलाय. पण त्यामुळेच जुना आरशाचा एसएलआर किमतीत इतका खाली आलाय की पहिला ‘खरा’ कॅमेरा घेणाऱ्याला अजून तोच परवडतो. गेल्या दिवाळीत मावसभावाने फोन करून हाच प्रश्न विचारला, आणि मी त्याला पाऊण तास सोडला नाही. त्यातलंच थोडं इथे मांडतो.

माझ्याकडे आधी निकॉनचा डी३१०० होता, तीन वर्षं. मग जुना कॅनन ७००डी घेतला, तो अजून आहे. म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लंय.

निकॉनची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. डी३२०० पासून पुढे त्यांच्या स्वस्त बॉडींचे (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) सेन्सर फार चांगले आहेत. एकदा आजोळच्या ओसरीवर आजी बसली होती आणि मागे अंगणात रणरणतं ऊन. मित्राच्या डी३३०० ने आणि माझ्या ७००डीने एकाच जागेवरून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो काढले आणि घरी येऊन दोन्हींतली सावली उजळवली. निकॉनच्या फाइलमध्ये आजीच्या लुगड्याचा काठ स्वच्छ उमटला. माझ्यात रवा सांडल्यासारखे दाणे, आणि नीट बघितलं तर बारीक पट्टेसुद्धा. ही काही मोजणी नव्हे, एका दुपारची गोष्ट आहे. पण जो संगणकावर बसून फोटो उजळवण्यात तासन्‌तास घालवतो, त्याला हा फरक बोचेल. हातात धरायलाही मला निकॉन जास्त आवडायचा. बोटं नीट आत जातात, करंगळी लोंबकळत नाही.

मग घोडं अडलं कुठे?

डी३१०० घेतल्यावर नव्याचे नऊ दिवस झाले आणि सगळ्यांना होतो तो आजार मलाही झाला. मागचं धूसर दिसेल अशी लेन्स पाहिजे. ५० मिमी एफ/१.८. हा एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं प्रकाशाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं. एकाकडे जुनी होती, साडेचार हजारांत. निकॉनची, एकदम स्वच्छ, काचेवर ओरखडा नाही. मी दोनदा विचार न करता घेतली. लेन्सच्या नावापुढे ‘डी’ होतं. तेव्हा मला वाटलं, असेल डिजिटलचा डी.

जानेवारी २०१३. पुतण्याचं बोरन्हाण. पोराला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं, बायकांनी मापटं भरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे तयार ठेवलेले. मी लेन्स चढवली, तर पडद्यावर ‘एफईई’ अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागली. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर नेऊन अडकवली तेव्हा ती गेली. हुश्श म्हणून बटण अर्धं दाबलं. काही नाही. ना घरघर, ना हालचाल. पुन्हा दाबलं. लेन्स ढिम्म. तोवर मापटं ओतलं गेलं होतं, आळीतली सगळी पोरं बोरांवर तुटून पडली होती आणि मी फोकसची रिंग हाताने पिळत एका डोळ्याने कोपऱ्यातला, फोकस बसल्याचा हिरवा ठिपका शोधत होतो. दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम अडीच इंचांची खोली फोकसमध्ये येते. पोरगं एवढं तर नुसत्या शिंकेसरशी पुढे सरकतं. साठ-सत्तर फोटोंत बाळाचे डोळे स्पष्ट आलेले चार. पाटाची रांगोळी मात्र बऱ्याच फोटोंत अगदी लख्ख. वहिनी अजून विचारते, ‘ते मोठ्ठ्या कॅमेऱ्याचे फोटो कुठायत?’

चूक माझीच. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, मी ते पान उघडलंच नव्हतं. भानगड अशी आहे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जागा, १९५९ पासून चालत आलाय. ऑटोफोकस आला तेव्हा त्यांनी माउंट तोच ठेवला आणि फोकसची मोटर बॉडीत बसवली. माउंटमधून एक छोटा स्क्रूड्रायव्हरसारखा दांडा बाहेर येतो आणि लेन्सचा फोकस फिरवतो. पुढे मोटर लेन्समध्ये गेली, त्या लेन्स एएफ-एस. मग २००६ मध्ये डी४० आला आणि बॉडी लहान व स्वस्त करायची म्हणून त्यातली मोटर काढून टाकली. त्यानंतर डी३००० आणि डी५००० या मालिकांत ती कधीच परत आली नाही. म्हणजे जुन्या बाजारात निकॉनच्या ज्या लेन्स खरोखर स्वस्त मिळतात, नेमक्या त्याच स्वस्त बॉडीवर आंधळ्या होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कॅननने १९८७ मध्येच घाव घालून मोकळं केलं होतं. जुना एफडी माउंट बंद, नवा ईएफ सुरू, आणि मोटर पहिल्या दिवसापासून लेन्समध्ये. त्या वेळी जुन्या लेन्सवाल्यांनी शिव्या घातल्या असतील, पण त्याचं फळ आज आपण खातोय. १९८७ ची ईएफ लेन्स उचला, ७००डीवर चढवा, ती फोकस करणार. स्वस्त बॉडीसाठी लक्षात ठेवायचं काय, तर लाल ठिपका म्हणजे ईएफ, पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, दोन्ही चालतात. संपला अभ्यास.

निकॉनकडे मात्र अक्षरांची बाराखडीच पाठ करावी लागते. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर स्वस्त बॉडीवर ऑटोफोकस नाही. एएफ-एस चालते. नंतर आलेल्या एएफ-पी हलक्या आणि निःशब्द आहेत, फोकस झटकन होतो, पण डी३१०० किंवा डी३२०० वर त्याच फोकस करत नाहीत! म्हणजे नव्या किटमधली १८-५५ कुणी स्वस्तात विकतोय म्हणून जुन्या बॉडीला घेतलीत, की पुन्हा बोरन्हाण. जाणकार हे सहज सांभाळतात, नाही असं नाही. पण स्वस्तात घ्यायला निघालेला माणूस बहुतेक जाणकार नसतो. मी तरी नव्हतो.

आता पैसे. माझ्या वेळी निकॉनची मोटरवाली ५० मिमी १.८ साडेअकरा हजारांना होती आणि कॅननची पन्नास सात हजारांच्या आत. आजचे आकडे वेगळे आहेत, रोज हलतात, पण कॅननची पन्नास स्वस्त हे नातं मला अजून तसंच दिसतं. २०१५ मध्ये कॅननने तिची एसटीएम, म्हणजे शांत मोटरची, आवृत्ती काढली. माउंट धातूचा झाला, फोकसची कर्रकर्र गेली. आधीची १९९० पासूनची प्लॅस्टिकची, आवाज करणारी, पण तीही जुन्या बाजारात चहा-भज्यांच्या भावात मिळते आणि बिचारी काम करते. अंधारातल्या फोटोंचा नाद असलेल्याचा पहिला खर्च हाच असतो. इथे चार-पाच हजार वाचले तर दूरचं जवळ आणणाऱ्या ५५-२५० लेन्सची निम्मी सोय होते. दूरच्या लेन्सच्या बाबतीत दोघांत उन्नीस-बीस आहे, तिथे डोकं खपवू नका.

एका लेन्सपुढे मात्र मी निकॉनला हात जोडतो. ३५ मिमी एफ/१.८ जी, २००९ ची, छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली. पन्नासची लेन्स या कॅमेऱ्यांवर घरात फार जवळचं दाखवते. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढदिवसाला पन्नास लावली की माझी पाठ फ्रिजला टेकते आणि तरीही केक कापणारा आणि टाळ्या वाजवणारे एकत्र मावत नाहीत. निकॉनची ३५ तिथे नेमकी बसते. कॅननकडे या किमतीत तिच्या तोडीचं काही नाही. २४ मिमी एफ/२.८ ची बिस्किटासारखी चपटी एसटीएम आहे, माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ तीच असते, पण २.८ म्हणजे २.८, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, चढवावाच लागतो. तुम्ही आयुष्यभर एकच लेन्स घेणार असाल आणि ती घरात वापरणार असाल, तर डी३३०० आणि ही ३५ घ्या. माझी हरकत नाही.

कॅननही सोवळ्यातला नाही. १५००डी आणि ३०००डी मध्ये फ्लॅश बसवायच्या जागेतली मधली पिनच काढून टाकलीय, त्यामुळे साध्या स्वस्त फ्लॅशा आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. ३०००डीला तर माउंटही प्लॅस्टिकचा आहे. म्हणून या दोन बॉडी ‘लेटेस्ट’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर मारून घेऊ नका. त्यापेक्षा ७००डी किंवा २००डी घ्या. २००डी बॅटरीसकट साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि मागच्या पडद्यावर बघून फोकस करायला तर फारच चांगला. आणखी एक, फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या काही लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर नुसती एरर दाखवतात. घेण्याआधी आपली बॉडी घेऊन जा आणि लावून बघा.

पेंटॅक्सचं कुणीतरी विचारेलच. हात हलला तरी फोटो सावरण्याची सोय त्यांनी बॉडीतच दिली, म्हणजे कुठलीही जुनी लेन्स लावा, फायदा मिळतो. कल्पना उत्तम. पण मुंबईत बोरा बाजारात दुकानामागून दुकान फिरून मला पेंटॅक्सची एक धड लेन्स मिळाली नव्हती. दुरुस्तीला कुठे न्याल, हा पुढचा प्रश्न.

लेन्स कुठलीही घ्या, विजेरी बरोबर न्या. मागचं झाकण काढायचं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, एका बाजूने प्रकाश मारायचा आणि दुसरीकडून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हे फार. एखाददुसरा धुळीचा कण असेल तर घासाघीस करा आणि घ्या, बुरशी असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. घरी मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. तो डबा मुळात पापडांचा होता.

उद्या मिररलेसवर जायचा विचार असेल तर तिथेही जुनी गोष्ट पाठलाग सोडत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर (मधला जोडतुकडा) लावून त्यांच्या आरएफ मिररलेस कॅमेऱ्यांवर बिनतक्रार फोकस करतात. निकॉनच्या झेड मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फिरवायची. एएफ-एसवाल्यांना काळजी नाही.

तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. तरी एक वाट आहे, आणि ती चांगली आहे: निकॉनचे डी७०००, डी७१००, डी७२००. यांच्या पोटात मोटर आहे. बॉडी जड आहे, जुन्या बाजारातही दोन पैसे जास्त लागतात, पण मग माझी वर लिहिलेली जवळजवळ सगळी रड संपते.

मावसभावाने नेमकं तेच केलं. पाऊण तास कॅननचं कीर्तन ऐकून घेतलं आणि डी७१०० घेऊन आला, कारण सासऱ्यांच्या कपाटात निकॉनच्या तीन जुन्या लेन्स निघाल्या होत्या. मी विजेरी घेऊन गेलो. दोन साफ होत्या, तिसरीत जाळं. तिच्याऐवजी मी माझी ‘डी’वाली पन्नास पापडाच्या डब्यातून काढून त्याला दिली. त्याने ती चढवली, बटण अर्धं दाबलं. झर्रकन आवाज झाला आणि फोकस बसला.