इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, सातारा: एका 'मिस'वर अख्खा तास

पोवई नाक्याजवळच्या या क्लासला मी 3 महिने गेले, बायकांची संध्याकाळची बॅच. जावई बंगळूरचे, विहीणबाईंशी फोनवर इंग्लिशच बोलावं लागतं म्हणून लावला. याआधी एका क्लासला पैसे भरून नुसते टेन्स पाठ केले होते, तोंडातनं एक वाक्य फुटत नव्हतं.

इथल्या मॅडमचं शिकवणं वेगळंय. बॅचमधल्या एकीची आई नुकतीच गेलेली, ती उभी राहून म्हणाली 'माय मदर इज मिसिंग' आणि तिचे डोळे भरले. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या, पाणी दिलं, आणि मग हळूच सांगितलं की याचा अर्थ आई हरवलीय, सापडत नाहीये असा होतो, तुला म्हणायचंय 'आय मिस माय मदर'. आपल्याकडं आठवण येते, आपण काय करत नाही, इंग्लिशमधे मात्र 'मी' मिस करते, तिथंच आपली गल्लत होते.

मग त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि तासभर तो एकच शब्द. मिसचा मूळ अर्थ नेम चुकणं. बस मिस झाली म्हणजे चुकली, 'यू कान्ट मिस इट' म्हणजे घर लगेच सापडेल, चुकायचं नाही. आपण 'मिस कॉल दे' म्हणतो, पण खरं तर ज्याच्याकडनं उचलायचा राहिला त्याचा तो मिस्ड कॉल. शाळेतल्या बाईंना म्हणतात ते मिस वेगळंच, ते मिस्ट्रेसचं आखूड रूप, 17व्या शतकापासूनचं. आणि मॅडम म्हणाल्या, माणूस घरात नसलं की आपण काय म्हणतो, चुकल्या चुकल्यासारखं वाटतंय, मग? तोच चुकणं शब्द की! मला तर काटाच आला अंगावर, इतकी वर्षं बोलतोय आणि कधी लक्षातच आलं नाही. तेव्हापासनं तो शब्द वापरताना मी अडखळले नाही, विहीणबाईंना परवा 'वी ऑल मिस्ड यू इन दिवाळी' म्हणाले, नंतर मॅडमनी सांगितलं इन नाही, अ‍ॅट म्हणायचं.

फी 3500, हप्त्यानं घेतात. खोली लहान आहे, 20 जणी झाल्या की मागं फळा दिसत नाही, हे त्यांनी बघायला पाहिजे. घरचा अभ्यास रोज 5 वाक्यं, तोही तपासून देतात. कोरेगाव, वाईकडनं येणाऱ्यांनी 5 ची बॅच घ्या, 7 च्या बॅचला मॅडम रंगात आल्या की वेळेत सोडत नाहीत आणि एसटी चुकते.