वजा बारा डेसिबल: इक्वलायझर एपीओ आठ महिने वापरल्यावर

मी मुलाखती ऐकून टाईप करून देते. मला दिसत नाही, त्यामुळे एका वेळी दोन आवाज कानात असतात: मुलाखतीचं रेकॉर्डिंग आणि टाईप केलेलं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. दिवसाचे सात-आठ तास असेच जातात. मागच्या वर्षी एका आजोबांच्या मुलाखतीत मी ‘आठ माग’ लिहिलं, ते ‘साठ माग’ होते. काम परत आलं. एनव्हीडीएचा वेग जास्त ठेवते म्हणून झालं असेल, असं म्हणून सोडून दिलं. पंधरा दिवसांत पुन्हा साठाचे आठ झाले, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

मिरजेला कान तपासले. तिथल्या ताईंनी ऑडिओग्रामची, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्या आलेखाची, रेघ माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवली. अंगठ्याकडून निघून बरीचशी सरळ, मग अनामिकेखाली एकदम खड्डा, आणि करंगळीकडे पुन्हा थोडी वर. तो खड्डा ४००० हर्ट्झचा, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाचा. मोठ्या आवाजाने कान जातो तो बहुतेक तिथूनच जायला लागतो. ‘स’ची शीळ त्याच्या आसपास आणि त्याच्या वर असते. ‘साठ’मधली शीळ ऐकू आली नाही की उरतो ‘आठ’. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आमचं घर इचलकरंजीत, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड. बाबांनी तीस वर्षं माग चालवले, आता त्यांच्याशी उजव्या बाजूला बसूनच बोलावं लागतं. मी माग चालवत नाही, पण शेड सुरू झाली की हेडफोनचा आवाज चढवायचे आणि शेड थांबली तरी तो खाली यायचा नाही. चढवलेला आवाज पाच मिनिटांत सवयीचा होतो आणि मग तो मोठा वाटतच नाही. म्हणून ‘जरा कमी ठेव’ हा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. मला वरून कुलूप हवं होतं.

ते इक्वलायझर एपीओने दिलं. कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज हेडफोनपर्यंत पोचण्याआधी बदलणारं, विंडोजसाठीचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. इन्स्टॉल करताना आपला हेडफोन यादीत टिक करायचा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, झालं. त्याला चित्रांची खिडकी आहे, पण माझ्यासाठी त्याची खरी किंमत वेगळ्या गोष्टीत आहे: त्याची सगळी सेटिंग्ज कॉन्फिग नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात. नोटपॅडमध्ये ती उघडली आणि ‘प्रीअँप’च्या, म्हणजे एकूण आवाज किती ठेवायचा त्या ओळीत वजा १२ डीबी (डेसिबल) लिहिलं. कंट्रोल-एस दाबलं आणि एनव्हीडीएचा आवाज बोलता बोलताच खाली गेला. कुठलं बटण नाही, स्लायडर शोधणं नाही. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरते, पण आवाजावर माझा असा ताबा पहिल्यांदाच आला. आता विंडोजचा व्हॉल्यूम शंभरवर नेला तरी पूर्वीच्या कमाल आवाजापेक्षा १२ डेसिबल खालीच राहतो.

बारा का, ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचं सुरक्षित ऐकण्याचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. भाच्याने फोनचा माईक हेडफोनच्या वाटीला चिकटवून मोजलं. हे मोजमाप ढोबळच, पण आकडा ८८-८९ च्या घरात आला. म्हणजे सोमवारी सकाळी दहाला बसले की दुपारी तीनलाच माझा आठवड्याचा कोटा संपत होता, आणि मी शनिवारपर्यंत ऐकत होते. आता तिथेच ७६-७७ येतात.

पहिले चार दिवस जड गेले. सगळं लांबून बोलल्यासारखं वाटायचं. मग बसलं. शेडचा खडखडाट अडवायला कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घेतला. त्याशिवाय हे जमलं नसतं.

एक अडचण उरली. हळू बोलणाऱ्या आजी आणि मध्येच माईकला बसणारा धक्का. आजींसाठी प्लेअरमध्ये आवाज वाढवला की धक्का कानात घुसतो. इक्वलायझर एपीओमध्ये बाहेरचं प्लगइन जोडता येतं, म्हणून एक मोफत लिमिटर जोडला. तो ठरलेल्या पातळीच्या वर काही जाऊच देत नाही. त्याची खिडकी मात्र एनव्हीडीए वाचत नाही, भाच्याने माऊसने लावून दिलं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी तेवढ्यापुरतं कुणाला तरी जवळ बसवावं.

सावध राहायच्या जागाही आहेत. हेडफोन बदलला की तो यादीत नव्याने टिक करावा लागतो. साऊंड ड्रायव्हर अपडेट झाला की कधी कधी टिक निघून जातो. विंडोजमध्ये एन्हान्समेंट (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सोयी) बंद केल्या, किंवा एखाद्या प्रोग्रामने साऊंड कार्ड थेट ताब्यात घेतलं, तर कुलूप लागतच नाही. आणि हे न कळवता होतं. म्हणून मी माझ्याच टाळीचं दोन सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ठेवलंय. रोज सकाळी हेडफोन गळ्यात ठेवूनच ते वाजवते. टाळी बोथट आली की हेडफोन कानावर चढवते, नाहीतर आधी हेडफोन टिक करायची ती यादी उघडते.

गालाच्या हाडावरून ऐकवणारे हेडफोन आमच्यातले बरेच जण वापरतात. रस्त्यावर ते उत्तम, गाड्या ऐकू येतात. पण आवाज शेवटी त्याच आतल्या कानात पोचतो, तेव्हा ते घालून मोठ्याने ऐकणं सुरक्षित आहे असं समजू नका. आणि खटखटीत तर ते आणखीच चढवावे लागतात.

रात्री बाहेर काही नसताना कानात रातकिडे किरकिरल्यासारखं व्हायचं, ते आता बरंच कमी झालंय. खड्डा तेवढाच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा वाढलेला नव्हता. साठ किंवा आठ आला की आजही मी रेकॉर्डिंग मागे घेऊन तीनदा ऐकते आणि मगच पुढे जाते.