रेपियर, खंजीर आणि मोकळा हात: तलवारबाजीच्या कॅम्पेनसाठी कोणते नियम घ्यावेत?

टेबलावर फासे टाकून पात्रांची गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात तलवारबाजीचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रं चालणारी गोष्ट, सुरू करायचं म्हटलं की पहिला वाद जवळजवळ ठरलेला असतो. उजव्या हातात रेपियर (लांब, सडपातळ तलवार) आणि डाव्या हातात खंजीर असं पात्र कुणीतरी घेऊन येतं आणि विचारतं, "दोन्हींनी वार करता येतील ना?" अपेक्षा अगदी रास्त आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या तलवारबाजीच्या शाळांत हीच जोडी शिकवत. पण उत्तर तुम्ही कोणतं पुस्तक उघडता त्यावर ठरतं. इथे तीन पुस्तकं शेजारी ठेवली आहेत: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं पुस्तक, त्याचंच २०२४ चं सुधारित रूप आणि सेव्हन्थ सी या तलवारबाजीच्या साहसखेळाची २०१६ ची दुसरी आवृत्ती.

२०१४ चं पुस्तक या प्रश्नाला सरळ "नाही" म्हणतं. बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) वापरून दुसऱ्या हाताने वार करायचा तर दोन्ही शस्त्रं 'लाइट' (हलकी) हवीत. खंजीर लाइट आहे, रेपियर नाही. ड्युअल वील्डर ही फीट (पात्राला घेता येणारं खास कौशल्य) घेतली तरच जोडी जमते. नियमाचं अक्षर स्पष्ट आहे, प्रश्न हेतूचा आहे. एवढी कडक अट कशाचं रक्षण करते? आकडे मांडून बघा. रेपियरच्या इजेचा आठ बाजूंचा फासा सरासरी साडेचार देतो, खंजिराचा चार बाजूंचा अडीच. बेरीज ७. नियमात बसणाऱ्या दोन शॉर्टसोर्ड प्रत्येकी साडेतीन देतात. बेरीज तीच, ७. दुसऱ्या वारात अ‍ॅबिलिटी मॉडिफायर (पात्राच्या ताकदीचा किंवा चपळाईचा जादा आकडा) धरायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणजे रेपियर-खंजीर चालू दिल्याने समतोल रेसभरही ढळत नाही. मी ही जोडी फीटशिवाय बिनदिक्कत देईन. मात्र दोन रेपियर नाही. त्या फीटला तेवढी किंमत राहू द्यावी.

रोग (चोर-ठग) या पात्रवर्गाच्या स्वॅशबकलर प्रकाराला तर दुसरा वार जीव की प्राण असतो, आणि तो खंजिराच्या अडीच गुणांसाठी नव्हे. स्नीक अटॅक, म्हणजे रोगची जादा इजा, एका टर्नमध्ये एकदाच लागतो. पहिला वार चुकला की दुसरा वार म्हणजे तो लागू करायची आणखी एक संधी. पाचव्या लेव्हलला त्याचे तीन फासे सरासरी साडेदहा देतात. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल, तर दोन वारांपैकी निदान एक लागण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते. वाद घालायचाच तर या आकड्यावर घाला, पात्याच्या लांबीवर नको.

याच पुस्तकातली खरी संदिग्ध जागा वेगळी आहे: हँड क्रॉसबो. क्रॉसबो एक्स्पर्ट फीट सांगते की एकहाती शस्त्राने हल्ला केला की हातातल्या हँड क्रॉसबोने बोनस अ‍ॅक्शनमध्ये आणखी एक बाण मारता येतो. मग ते "एकहाती शस्त्र" तोच क्रॉसबो असला तर? अधिकृत खुलासा "चालेल" असा आहे. उलट एका हातात रेपियर आणि दुसऱ्यात क्रॉसबो घेतला, तर पहिल्या बाणानंतर सगळं अडतं, कारण क्रॉसबो भरायला मोकळा हात लागतो. म्हणजे दिसायला रुबाबदार तो दुबळा, आणि एक हात रिकामा ठेवून टकाटक बाण मारणारा जबरदस्त. तलवारबाजीच्या कॅम्पेनमध्ये हे मला पटत नाही.

२०२४ च्या पुस्तकाने ही अडचण सोडवली. क्रॉसबो एक्स्पर्टला आता भरण्यासाठी मोकळा हात लागत नाही. रेपियरऐवजी शॉर्टसोर्ड घेतली, की शॉर्टसोर्ड-क्रॉसबो ही जोडी छान चालते. पण एक दार बंद करताना दुसरं उघडं राहिलं. 'लाइट' गुणधर्म आता "वेगळ्या लाइट शस्त्राने" जादा वार करा एवढंच म्हणतो. दुसऱ्या हाताचा उल्लेखच गेला. शिवाय अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक हल्ल्याबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, आणि खंजिराच्या 'निक' या खास गुणामुळे जादा वारही त्याच अ‍ॅक्शनमध्ये बसतो. मग हुशार खेळाडू डाव्या हातात ढाल धरतो आणि उजव्या हातात शस्त्रांची अदलाबदल करत तेवढेच वार काढतो. अक्षर बघितलं तर त्याला अडवायला जागा नाही. मी अडवेन, आणि पहिल्या सत्राआधीच तसं सांगेन: लाइटचा जादा वार दुसऱ्या हातानेच. या पुस्तकात अशी घरची ओळ जोडावीच लागते.

सेव्हन्थ सीमध्ये हा सगळा हिशेबच नाही. फासे सुरुवातीला एकदाच टाकायचे, त्यांचे दहा-दहाचे गट करायचे आणि प्रत्येक गटाचा एक रेझ (कृतीसाठीचं चलन) मिळतो, तो खर्चून काय करता ते सांगायचं. साधा वार रेपियरचा असो की खंजिराचा, एका रेझला एक जखम. संदिग्धता इथेही आहे, पण तिचा स्वभाव वेगळा. खानावळीतली खुर्ची उचलून डोक्यात घातली, तर ते वेपनरी (शस्त्रकौशल्य) की ब्रॉल (हाणामारी)? खंजीर फेकला तर एम (नेमबाजी) ना? इथे वाद फार लांबत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या पद्धतीबाहेरचं काही केलं तर एक रेझ जादा मोजायचा, बस्स.

खरा तिढा पिस्तुलांचा. गोळी लागली की थेट एक ड्रॅमॅटिक वूंड (गंभीर जखम), आणि चार झाल्या की माणूस असहाय. पिस्तूल पुन्हा भरायला पाच रेझ जातात, म्हणून खेळाडू कमरेला सहा पिस्तुलं लावून येतो. त्याला नाही कसं म्हणणार? ब्लॅकबिअर्ड तीन जोड्या बाळगायचा, असं अठराव्या शतकातलं वर्णनच आहे. मी हो म्हणेन, आणि त्याच वेळी सांगेन की खलनायकाच्या कमरेलाही सहा असतील. बहुतेक खेळाडू आपणहून दोनवर येतात. दुसरी सावधगिरी ड्युएलिस्ट अकॅडमीची, म्हणजे द्वंद्वाचं खास शिक्षण घेतलेल्या पात्रांची. स्लॅश हा खास वार मारणारा ड्युएलिस्ट एका रेझमध्ये वेपनरीच्या रँकइतक्या जखमा देतो, बाकीचे एकेक. चौघांत एकच ड्युएलिस्ट असेल तर लढाईत उरलेले प्रेक्षक होतात.

आंग्र्यांच्या आरमारावर कॅम्पेन रचायचं असेल तर दांडपट्ट्याची कसोटी लावून बघा. त्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच. मनगट वळत नाही आणि शस्त्र चटकन टाकताही येत नाही. डी अँड डीच्या यादीत तो नाही. मी आठ बाजूंचा फासा देईन, लाइट धरणार नाही, आणि तो हात कशासाठीच मोकळा मानणार नाही. सेव्हन्थ सीमध्ये हे ठरवायची वेळच येत नाही. पट्टेकऱ्याला ते सोयीचं, पण पट्टा आणि तलवार यांतला फरक फाशांत जाणवायला हवा असेल, तर हिरमोड होईल.

टेबलावर बहुतेक नवे खेळाडू असतील, किंवा मधेच नियमपुस्तक उघडलेलं कुणालाच खपत नसेल, तर सेव्हन्थ सी घ्या. पात्र बांधण्यात रमणारे असतील तर २०२४ घ्या, वर सांगितलेल्या दुसऱ्या हाताच्या ओळीसह. २०१४ चं पुस्तक आधीच घरात असेल तर नवा खर्च नको. रेपियर-खंजिराला परवानगी द्या, आणि क्रॉसबो भरण्याचा नियम २०२४ मधून उचला.