दुमजली पिंजरा: घ्यायला हरकत नाही, पण ससा त्यात नको

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत तारेचा दुमजली पिंजरा हल्ली सर्रास मिळतो. खोक्यावर ससा, गिनीपिग आणि हॅमस्टर असे तिघेही एकाच घरात गुण्यागोविंदाने बसलेले. आपल्या समोरच्या नगाचा मजला ३ फूट बाय २ फूट, दोन मजल्यांमध्ये सव्वा फूट अंतर, वर चढायला दीड फुटाची शिडी आणि खाली ओढून काढायचा ट्रे. तार जाड आहे, दाराची कडी घट्ट बसते. बांधणीबद्दल तक्रार नाही; तक्रार त्या चित्राबद्दल आहे.

हॅमस्टरचा प्रश्न लगेच मिटतो. तारांमधली फट इंचभर आहे, तो पहिल्याच रात्री बाहेर. राहिलाच तर भांडेल, कारण तो मुळात एकलकोंडा.

खरा घोळ सशाचा. त्याची मागच्या पायांची एक लाथ किलोभराच्या गिनीपिगची बरगडी मोडायला पुरते. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सशाच्या नाकात बोर्डेटेला हा जिवाणू काहीही लक्षण न दाखवता राहतो, गिनीपिगला मात्र त्याने न्यूमोनिया होतो. मग घाईत कुणी तोंडाने अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिलं, तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून गिनीपिग औषधानेच दगावू शकतो. ‘ससा वर, गिनीपिग खाली’ हा विक्रेत्याचा तोडगाही निरुपयोगी आहे. मधली जाळी शिंक अडवत नाही आणि वरचं मूत थेट खालच्या चाऱ्यावर ठिबकतं.

खाण्याचीही वाटणी जमत नाही. क जीवनसत्त्व सशाच्या शरीरात तयार होतं, गिनीपिगच्या होत नाही. त्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. सामाईक वाडग्यातल्या सशाच्या गोळ्यांवर तो पोट भरतो आणि काही आठवड्यांत सांधे सुजून लंगडायला लागतो. रोज ढोबळी मिरचीची फोड हा साधा उपाय. पाण्यात थेंब टाकू नका, उजेडात ते जीवनसत्त्व लवकर निकामी होतं. लसूणघासही वाढ पूर्ण झालेल्या गिनीपिगला रोज नको. त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात.

तर हा पिंजरा दोन गिनीपिगांसाठीच घ्यावा, तोही थोडी दुरुस्ती करून. खालचा मजला ६ चौरस फूट भरतो, जोडीला किमान साडेसात हवेत. वरचा मजला यात धरू नका, कारण ती शिडी पन्नास अंशांहून उभी आहे आणि गिनीपिग चढण्याचा प्राणी नव्हे. शिडी काढून टाका, पुढचं दार उघडं ठेवा आणि समोर जाळीच्या पट्ट्यांचं २ फूट बाय ३ फुटांचं अंगण केबल टायने जोडा. फटी दीड इंचापेक्षा लहान असाव्यात, नाहीतर पिल्लाचं डोकं अडकतं. तळाच्या जाळीवर सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लास्टिकची शीट कापून बसवा, वर जाड फ्लीसचं मऊ कापड. नुसत्या तारेवर तळवे सोलवटतात, त्यात जंतू शिरून फोड होतात. वखारीतला भुसा स्वस्त पडतो, पण कोणत्या लाकडाचा ते कळत नाही आणि धूळ नाकात जाते.

ट्रेच्या कोपऱ्यांत पांढरट खरवड धरते, ती साबणाने जात नाही. व्हिनेगर ओतून पंधरा मिनिटं ठेवलं की सुटते. पावसाळ्यात तारांचे जोड आधी गंजतात, तेवढे दर आठवड्याला बघावेत. चारा दमट झाला की बुरशी धरते, तो सरळ फेकायचा.

जोडी घेताना नर-मादीची खात्री दुकानदारावर सोडू नका. मादी महिन्याभराचीच गाभण राहू शकते, आणि मग वरचा मजला कशाला घेतला होता ते घरच्यांना समजावत बसावं लागतं.

पिंजरा म्हणून पाचपैकी साडेतीन. तिघांचं घर म्हणून शून्य.