नव्या जेटचे पैसे दिले, कार्बोरेटरमध्ये मात्र जुनाच जेट निघाला

दोन महिने मी समजत होतो की माझ्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, नवे जेट आहेत. जेट म्हणजे किती पेट्रोल जाईल ते ठरवणारे, भोक असलेले पितळेचे छोटे तुकडे. त्यांचे पैसे दिले होते, मजुरी दिली होती, दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये ठेवली होती. शेवटी स्वतः फ्लोट बाउल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडला तेव्हा आत कंपनीचाच मेन जेट होता, फक्त त्याचं भोक ड्रिलने मोठं केलेलं. आत बाकी कशालाही हात लावलेला नव्हता. कार्बोरेटर बंद डबा आहे, आतलं बाहेरून दिसत नाही, आणि ही फसवणूक त्याच भरवशावर चालते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी एका सिलेंडरची, फोर-स्ट्रोक, केहिन कंपनीचा सीव्ही (इंजिनच्या ओढीने स्लाइड आपोआप उचलली जाते असा) कार्बोरेटर. मी सायलेन्सर बदलला, आणि एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागायचा, आणि हळू थ्रॉटल उघडताना गाडी मध्येच दम लागल्यासारखी अडायची. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिक्श्चर लीन होतं. कंपनीची गाडी प्रदूषणाच्या नियमांमुळे खालच्या थ्रॉटलला मुळातच लीन ठेवलेली असते, त्यात मी आणखी हवा मोकळी केली होती. जेट बदलणं गरजेचंच होतं, त्याबद्दल आजही माझं दुमत नाही.

ज्याच्याकडे गेलो तो बोलण्यात पक्का. त्याने सांगितलं, मेन जेट 110 आहे, दोन नंबर वर जाऊन 115 टाकू. पायलट, म्हणजे कमी थ्रॉटलचा जेट, 35 चा 38 करू. नीडल, म्हणजे मधल्या थ्रॉटलला पेट्रोल मोजणारी सुई, तिच्याखाली बारीक वॉशर घालून ती थोडी उचलू आणि शेवटी मिक्श्चर स्क्रू सेट करू. हा इलाज कागदावर अगदी बरोबर आहे, मी स्वतः वाचलं होतं तेही हेच. त्यामुळे माझा विश्वास बसला. काम येत नसलेला माणूस फसवतो असं मला वाटायचं. याला काम येत होतं, पण त्याने ते केलं नाही आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

गाडी परत मिळाली तेव्हा फटफट बरीच कमी होती आणि हात लावताच इंजिन जोरात बोलत होतं. मी खूश झालो. त्याने आयडल (थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने चालतं तो) स्क्रू आवळून इंजिनचे आरपीएम चढवले होते, हे पुढे कळलं. आयडल वाढवलं की थ्रॉटल सोडल्यावरची फटफट थोडी दबते आणि गाडी चटपटीत वाटते. पण लीन मिक्श्चर होतं तिथेच राहतं. कामानंतर तुमच्या गाडीचं आयडल आधीपेक्षा चढं लागलं, तर आधी ते पूर्वीच्या आरपीएमला आणा आणि मग फरक पडलाय का ते बघा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

आठवडाभरात नवी दुखणी सुरू झाली. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल दिला की गाडी भरून यायची, ओढायची नाही. आरशात काळसर धूर दिसायचा. थ्रॉटल जरा मागे घेतला की मात्र पुन्हा पळायला लागायची. अ‍ॅव्हरेज घसरलं. ऑइलची डिपस्टिक काढून नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास, आणि याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. जास्तीचं न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि रिंग-पिस्टनची झीज वाढते.

परत गेलो. उत्तर मिळालं, "नवीन जेट आहेत, बसायला हजार किलोमीटर लागतील." हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथेच सावध व्हा. जेट म्हणजे पितळेच्या तुकड्यातलं एक मोजलेलं भोक, त्यात हलणारं, घासणारं काही नसतं. जेट पहिल्या मिनिटाला जेवढं पेट्रोल सोडतो तेवढंच हजार किलोमीटरनंतर सोडतो. मला तेव्हा हे सुचलं नाही. मी मान डोलावून निघालो. दुसऱ्यांदा गेलो तर कॉइल कमजोर आहे म्हणाला आणि एक महागडा प्लग माझ्या गळ्यात मारला. दोन दिवसांत तोही काजळीने काळा.

मग एका जाणत्या मित्राने सांगितलं, आधी हँडलवर टेप लाव. थ्रॉटलच्या ग्रिपवर एक रेघ मारली, आणि शेजारी स्विचच्या घरावर टेप चिकटवून त्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. यामागचं कारण साधं आहे. थ्रॉटल पाव उघडेपर्यंत मुख्य काम पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचं, पाव ते पाऊण नीडलचं, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचं. हद्दी थोड्या एकमेकींत मिसळतात, पण दोष कुठल्या पट्ट्यात आहे हे कळलं की कुठला भाग बघायचा ते कळतं. आपण "अर्धा थ्रॉटल" म्हणतो तो प्रत्यक्षात बहुधा पाव असतो, हे मला टेप लावल्यावरच समजलं. गाडी चालवून पाहिली. पावच्या खाली गाडी अजून लीन होती, अडणं तसंच, चोक तसाच. पाऊणच्या वर मात्र प्रचंड रिच, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा फार जास्त. पायलट 38 झाला असता तर खालचा त्रास राहिला नसता, आणि मेन जेट 115 असता तर वर इतकी घुसमट झाली नसती. म्हणजे सांगितलेल्या कामाशी गाडी जुळत नव्हती.

कार्बोरेटर काढून टेबलावर ठेवला, आणि बाउल उघडण्याआधीच निम्मी चोरी सापडली. सीव्ही कार्बोरेटरची नीडल वरून निघते. वरचं झाकण काढायचं, डायफ्रॅम आणि स्लाइड उचलायची, तेव्हा नीडल हातात येते. त्या झाकणाच्या चारही स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांची ऑइलमिश्रित धूळ दगडासारखी बसलेली होती. पेचकसाचं टोक तिथे टेकलेलंही नव्हतं. म्हणजे नीडलखाली वॉशर घातलाच नाही. मिक्श्चर स्क्रू माझ्या मॉडेलमध्ये पितळेच्या एका छोट्या बुचाखाली दडलेला असतो. कुणी सेटिंगशी छेडछाड करू नये म्हणून कंपनी ते बूच ठोकून बसवते, आणि काढायचं तर त्याला ड्रिल मारून ओढावं लागतं. ते बूच जसंच्या तसं होतं, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. बूच न काढता स्क्रू सेट होणं शक्यच नाही. खालच्या बाउलच्या स्क्रूंची मात्र तोंडं कुरतडलेली होती. जपानी कार्बोरेटरवर बऱ्याचदा जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे स्क्रू असतात, दिसायला फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचा पेचकस त्यात नीट बसत नाही आणि निसटून खाच खातो. तेवढा एक भाग उघडला होता, हे उघड होतं.

बाउल खाली घेतला. तळाशी उरलेल्या पेट्रोलमध्ये पितळेचे दोन कण चमकत होते. पायलट जेट काढला, त्यावर 35. मेन जेट काढला, त्यावर 110. क्षणभर वाटलं, निदान काही बिघडवलं तरी नाही. मग भिंगाखाली धरला. जेटच्या तोंडाला कारखान्यात एक स्वच्छ उतार दिलेला असतो, पेट्रोल आत शिरताना सरळ वाहावं म्हणून. इथे तो उतार खरवडलेला होता, भोकाच्या आत मळसूत्रासारखे ओरखडे आणि कडेला पितळेचा एक बारीक कंगोरा उभा. केहिनच्या जेटवरचा आकडा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, 110 म्हणजे अंदाजे 1.10 मिलिमीटर. मी मोजमापाच्या पिना घालून पाहिल्या. 1.10 ची पिन सैल गेली, 1.20 ची गेली, 1.25 ची गेली, 1.30 ची घट्ट बसली.

याचा हिशेब सांगतो, कारण "जरासं मोठं केलं" यात किती नुकसान लपलंय ते त्यावरून दिसतं. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर जातं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 110 चा 115 केला तर क्षेत्रफळ सुमारे 9 टक्के वाढतं. 1.10 चं भोक 1.30 केलं तर जवळपास 40 टक्के. शिवाय ओबडधोबड भोकातून किती पेट्रोल जाईल हे कुणीच सांगू शकत नाही, कारण प्रवाह नुसत्या व्यासावर ठरत नाही, तोंडाचा उतार आणि आतला गुळगुळीतपणाही त्यात येतो. त्या जेटवरच्या 110 या आकड्याला आता काही अर्थ उरला नाही, आणि उद्या दुसरा मेकॅनिक तो आकडा वाचून चुकीचं निदान करेल ते वेगळंच. जेट मिळत नाहीत तेव्हा रीमर (भोक अचूक मापाला वाढवायचं हत्यार) वापरून, मोजून भोक वाढवणारे जाणकार असतात, त्यांना मी नाव ठेवत नाही. पण ते तसं सांगून करतात आणि नव्या जेटचे पैसे घेत नाहीत.

जेट घेऊन त्याच्यासमोर गेलो. तो तळहातावर घेऊन म्हणाला, "नंबर काही असो, भोक मोठं झालंय ना? काम झालं." पायलटचं विचारलं तर म्हणे कार्बोरेटर तुम्ही उघडलात, आता आत काय होतं नि काय नव्हतं याची जबाबदारी माझी नाही. बिल काढलं, त्यावर दोनच शब्द होते, "कार्बोरेटर काम". कुठल्या नंबरचे जेट, किती, जुने परत दिले का, काहीच नाही. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पैसे बुडाले.

यानंतर घाईत आणखी एक ठोकर खाल्ली. दहा जेटचं एक स्वस्त पाकीट मागवलं, प्रत्येकावर वेगळा आकडा. पिना घातल्या तर 115 आणि 118 दोन्हींचं भोक एकच निघालं. आकडा ठोकायला काही लागत नाही, भोक अचूक पाडायला लागतं. आणि एका विक्रेत्याने मिकुनी या दुसऱ्या कंपनीचा जेट "नंबर तोच आहे, चालेल" म्हणून पुढे केला. चालत नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल जातं यावर असतो, केहिनचा व्यासावर. सारखा आकडा असला तरी माप सारखं नसतं. डायनोजेट या तिसऱ्या कंपनीच्या किटमधल्या जेटचे आकडेही त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे, ते केहिनशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ज्या कंपनीचा कार्बोरेटर, त्याच कंपनीचे जेट घ्या.

काम कुणाकडेही द्या, गाडी सोडताना वरच्या झाकणाच्या स्क्रूंचा, बाउलच्या स्क्रूंचा आणि त्या पितळी बुचाचा जवळून फोटो काढून ठेवा. बिलावर जेटचे नंबर लिहून घ्या, आणि निघालेले जुने जेट हातात मागा. नवे खरोखर बसवले असतील तर जुने त्याच्याकडे पडलेले असणारच. "फेकून दिले" हे उत्तर मान्य करू नका, मेन जेट बोटाच्या पेराहून लहान असतो, पण फेकण्यासारखा नसतो. गाडी टू-स्ट्रोक असेल तर दुप्पट काळजी घ्या. तिथे लीन राहिलेलं मिक्श्चर पिस्टन जाम करतं, आणि पूर्ण वेगात मागचं चाक आवळलं गेलं तर प्रश्न फक्त इंजिनाचा राहत नाही.

माझ्या गाडीत आता 115 मेन, 38 पायलट, नीडलखाली अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर आहे. मिक्श्चर स्क्रू हलका पूर्ण आवळून तिथून अडीच फेरे बाहेर काढलाय. सगळं एकेक करून बदललं, दर वेळी टेपच्या खुणांवर चालवून पाहिलं. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले, मग पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजलं, कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे, पण खालच्या टोकाला. ते आधीपासून तसं होतं की त्या दोन महिन्यांत उतरलं, हे मला आता कधीच कळणार नाही, कारण काम देण्याआधी मी ते मोजून घेतलं नव्हतं.